बाबांची दरी

त्रेसष्टाव्या वर्षी तंबूत झोपायला निघालेल्या बाईला लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. मी काही माझ्या हौसेनं निघाले नव्हते. हौस आमच्या यांची होती. योगेंद्र, माझे यजमान, तीस वर्षं जबलपुरात रिछाईच्या एका कारखान्यात लोखंड कापत होते आणि सुट्टी मिळाली की दगड बघत फिरायचे. भेडाघाट आमच्या घरापासून तासाभराच्या आत. तिथले संगमरवरी कडे बघायला कुठून कुठून लोक येतात, आणि या माणसाला ओढ कसली, तर कच्छच्या उजाड मुलखातल्या लाल दगडांची. भुजच्या पलीकडे कडिया ध्रो म्हणून एक जागा आहे, पाण्यानं कोरून काढलेली. तिचे फोटो हे मला रोज जेवताना दाखवायचे. भाजी गार होऊन जायची. "मीरा, डिसेंबरात या दरीत जायचं," असं म्हणायचे, आणि मी म्हणायचे, "आधी तो घास गिळा."

ऑगस्टमध्ये यांना अर्धांगाचा झटका आला. मी नेमकी नागपूरला बहिणीकडे गेलेली आणि तिथे डेंग्यूनं आडवी झालेली. माझ्याच हाताला सलाईन. चार दिवस आमचा मुलगा तनय एकटा दवाखान्यात यांच्याजवळ बसून होता. पाचव्या दिवशी मी पोचले, ती शेवटचं तोंड बघायला.

त्या चार दिवसांबद्दल आम्ही दोघं बोलतच नव्हतो. त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. डिसेंबर लागला तसा एक दिवस म्हणाला, "आई, सामान भर. बाबांची ट्रिप आपण करून राहिलो." मी खूप कटकट केली. माझे गुडघे, थंडी, उघड्यावर आंघोळ कशी करायची, सगळं काढलं. पण पस्तिशीचा मुलगा बँकेतून आठ दिवसांची रजा काढून आला होता. निघाले.

तीन दिवस गाडीत बसून कंबरेचा काटा ढिला झाला. इंदूर झालं, अहमदाबाद झालं. मग झाडं कमी होत गेली आणि नुसत्या बाभळी उरल्या. चौथ्या दिवशी दुपारी एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या पडीक रानात तनयनं तंबू ठोकला. दोनदा पडला. तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा मी म्हटलं, "तुझे बाबा असते तर एव्हाना चहा झाला असता." तो हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला.

मग त्यानं डिकीतून निळ्या पट्ट्यांची एक जाड सतरंजी काढली आणि तंबूत अंथरली. घरात मी ती कधी पाहिली नव्हती.

"ही कुठली रे?"

"ही बाबांची दरी," तो म्हणाला. "तुला सांगायची हिंमतच नाही झाली, आई. झटक्यानंतर बाबांची हिंदी पूरी चली गई थी. डॉक्टर म्हणाले, होते असं, पहिली भाषा तेवढी राहते. आणि मराठीही साफ नव्हती. एकच शब्द समजत होता. दरी, दरी. दोन दिवस तेच. मला वाटलं गादी टोचून राहिली असन. आपल्या गोरखपूर मोहल्ल्याच्या मार्केटमधून सबसे अच्छी वाली आणली आणि अंगाखाली टाकली. त्याच्यानंतर त्यांनी दरी नाही मागितली." तो कोपरा सरळ करत राहिला. "बस इतनी तसल्ली आहे मला. शेवटी बाबांनी जे मागितलं, ते मी दिलं."

हिंदीत दरी म्हणजे सतरंजी. हे मला माहीत नाही असं नाही, जन्म जबलपुरात गेला. मी "बरं" म्हटलं आणि पाणी आणायचं निमित्त करून बाहेर आले.

समोर शंभर पावलांवर जमीन एकदम तुटत होती. यांची दरी. दोन दिवस हे इथे न्या म्हणत होते, निदान हिच्याबद्दल बोलत तरी होते, आणि पोरानं बाजारातून सतरंजी आणली. मला यांची कीव आली. तिथेच एका दगडावर बसले. चूक पोराची तरी कशी म्हणू? शाळेत मुलं चिडवतात म्हणून त्याच्याशी घरात हिंदी बोलायला सुरुवात मी केली. हे माझ्याशी दरी म्हणायचे आणि त्याच्याशी कॅनियन. बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं, याला कधीच कळू द्यायचं नाही. त्याच्याकडे तेवढं एकच समाधान होतं.

सकाळी आम्ही खाली उतरलो. खरं सांगते, यांचं वेड खरं होतं. लाल, पिवळे, जांभळट थर एकावर एक, आणि मधून पाण्यानं असे गुळगुळीत रांजण कोरलेले की हात फिरवावासा वाटतो. एका सुळक्याला मी टेकून उभी राहिले. यांनी इथे मला तास तासभर एकेक थर समजावला असता आणि मी वैतागले असते. ते वैतागणं मला हवं होतं.

"आई, याला मराठीत काय म्हणतात? कॅनियनला?"

"घळ," मी म्हटलं.

"घल," तो म्हणाला. ळ त्याला कधी आलाच नाही. त्यानं फोटो काढला, खाली 'बाबांची घल' लिहिलं आणि वर चढून आल्यावर, रेंज मिळाली तशी, घरच्या ग्रुपवर टाकला.

आम्ही चहा ठेवला होता. मोबाईल वाजला. नागपूरचे भय्यासाहेब, माझे मोठे दीर. तनयनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "अरे, ही घळ कुठली? केवढी मोठी दरी आहे ही. योगेंद्र याच दरीचं..."

तो थांबला. पुढचं त्यानं मनातल्या मनात वाचलं. मग उठून कड्यापर्यंत गेला, खाली बघितलं, आणि परत येऊन माझ्यासमोर बसला.

"ही दरी?"

मी मान हलवली.

"तुला माहीत होतं?"

"काल कळलं."

"मग घल काहून सांगितलं?"

तो गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, आवाज दाबून. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. चहा उतू गेला तरी कोणी उठलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं. "पण ते खूश होते, आई. मी दरी टाकली ना, त्याच्यानंतर खुशी, खुशी असंच म्हणत होते. शेवटपर्यंत. आँखों से पाणी येऊन राहिलं होतं, पण म्हणत होते खुशीच. खुशी तर मराठीतही खुशीच असते ना?"

कारखान्यात यांचा मणका दुखावला होता. तेव्हापासून यांना उताणं झोपलेलं मी पाहिलं नाही. दोन मिनिटांत कळ उठायची. पाठ धरली आणि स्वतःला वळता आलं नाही की मलाच हाक मारायचे, "मीरा, जरा कुशीवर कर."

चार दिवस हे पाठीवर पडून होते.

"आई? सांग ना."

"हो रे," मी म्हटलं. "खुशीच."