धुरांड्यावर आलोय

मी रडारचा पडदा बोलतोय. मिशिगनच्या वरच्या टोकाला, सरोवराकाठच्या एका छोट्या विमानतळावर माझा जन्म गेला. मनोऱ्याखालच्या अंधाऱ्या खोलीत माझ्यावर हिरवे ठिपके सरकायचे आणि माझ्यासमोर विमानांना वाट सांगणारी लॉरेटा कांगास बसायची. तिच्या लेखी ते ठिपके नव्हते, ओळखीची माणसं होती.

आमच्या टेकडीमागे रडारला काही दिसत नाही. तिथे विमान शिरलं की ठिपका नाहीसा, उरतो फक्त आवाज. म्हणून वैमानिक खालच्या खुणा सांगत यायचे. सगळ्यांची लाडकी खूण म्हणजे तांब्याच्या खाणीचं धुरांडं. ते पाडून कितीतरी वर्षं झाली, पण इथल्या लोकांची सवय कुठली जायला! नसलेल्या धुरांड्यावरून ते रोज येत-जात होते.

“लॉरेटा, धुरांड्यावर आलोय गं,” टाउनो निएमी म्हणायचा. आसपासच्या बेटांवर तो औषधं आणि टपाल पोचवायचा.

“आवाज का बसलाय रे? बायकोशी भांडलास?”

“भांडायला ती बोलायला तर हवी!”

“मग ये लवकर. खिमा भरलेली पास्टी गार होतेय. आणि टेकडी डावीकडे ठेव.”

मग एक दिवस राजधानीतून साहेब आले. सगळ्या लहान विमानतळांचं रडारचं काम दूरच्या एका मोठ्या दालनात न्यायचं ठरलं होतं. “खर्च वाचेल, सुरक्षिततेला धक्का नाही,” ते म्हणाले.

“साहेब, टेकडीमागे आम्ही आवाजावर काम चालवतो,” लॉरेटा म्हणाली.

“बाई, नकाशे कशासाठी असतात?”

साहेब हसले आणि गेले. माझ्या तारा उपटल्या गेल्या. लॉरेटालाही त्या दालनात जावं लागलं. तिथे तिला भलत्याच भागाची विमानं दिली. कुणीही कुठलाही भाग सांभाळावा, असा नवा नियम होता. वाचणारा खर्च मात्र नव्या इमारतीने आणि नव्या यंत्रांनी केव्हाच गिळला. त्याबद्दल पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही.

हरणांच्या शिकारीचे दिवस सुरू झाले तेव्हाची दुपार. सरोवरावरून धुकं चढत होतं. टाउनो बेटावरून परतत होता. ढगांच्या फटीतून त्याला खाणीचा रस्ता क्षणभर दिसला आणि तो सवयीने बोलून गेला, “धुरांड्यावर आलोय.”

दालनात आता आमचा भाग सांभाळणाऱ्या नव्या मुलाने नकाशा पाहिला. त्यावर एकच धुरांडं होतं, काठावरच्या वीजघराचं. तिथून धावपट्टी डावीकडे येते.

“डावीकडे वळा,” तो म्हणाला.

खाणीपाशी डावीकडे टेकडी आहे. टाउनोला हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण धुक्यात डोळ्यांपेक्षा रडारसमोर बसलेल्याच्या आवाजावर विसंबायचं, हे आम्हीच त्याला जन्मभर शिकवलं होतं. तो वळला.

चौकशी झाली. वैमानिकाने मान्यता नसलेलं स्थळनाम वापरलं, असा ठपका ठेवून ती संपली. मेलेल्यावर दोष ढकलणं सोपं, तो वाद घालायला येत नाही. मला आजही संताप येतो.

आता मी विमानतळाच्या प्रतीक्षागृहात काचेच्या पेटीत असतो. माणसं माझ्यासमोर उभी राहून फोटो काढतात आणि त्याच दालनाच्या भरवशावर विमानात जाऊन बसतात.

परवा लॉरेटा आली. तिने काचेवर हात टेकवला. मग पुटपुटली, “मी तिथेच होते रे. त्या पोराच्या पुढच्याच रांगेत. कानावर यंत्र होतं, दुसऱ्याच कुणाला उतरवत होते. टाउनो माझ्या पाठीमागे बोलत होता आणि मला ऐकू आलं नाही.”

बाबांनो, माझी ही पेटी पुसत बसू नका. हवं तर मला भंगारात घाला. फक्त त्या खुर्चीवर असं माणूस बसवा, ज्याला टाउनोचा आवाज ओळखता आला असता.