कॅमेरा धरणारी

डॉक्टर कोंद्राके यांनी इलिंकाला कॅमेरा धरायला घेतलं ते तिच्या मार्कांकडे बघून नव्हे. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचा हात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत चांगला बसतो, असं ते कुठल्याशा परिषदेत ऐकून आले होते. आल्या आल्या त्यांनी सर्जरी शिकणाऱ्या सगळ्यांना गोळा करून विचारलं, "तुमच्यात खेळात वेळ घालवणारं कोण आहे? खरं सांगा, मी काही तुमचा बाप नाही." एकट्या इलिंकाचा हात वर गेला, आणि बाकीचे हसले.

पण सरांचं म्हणणं खरं निघालं. सपाट पडद्यावर कुठलं पुढे आणि कुठलं मागे, हे ओळखताना इतरांना घाम फुटायचा. इलिंकाला ते विचार न करता कळायचं. पोटात घातलेला कॅमेरा तिच्या हातात तासभर तसूभर हलत नसे. सगळ्या दवाखान्यात तिचं नाव 'खेळवाली' पडलं. "ईस्टर होऊ दे, पहिलं पित्ताशय तू काढ," सर एकदा म्हणाले. शिकायला लागून तीन वर्षं झाली तरी तिच्या हाती सुरी आली नव्हती, त्यामुळे त्या एका वाक्यावर ती तीन महिने तरंगत होती.

खेळ तिला लागला होता तो धाकट्या भावापायी. साबिन इटलीत, तोरीनोजवळच्या एका गोदामात कामाला होता. दर रविवारी दुपारी ती रोमानियात आणि तो तिकडे, दोघं कानाला हेडफोन लावून बसत. खेळात साबिन बंदूक घेऊन पुढे पळायचा आणि इलिंका मागून लक्ष ठेवायची. "डावीकडे! अरे गाढवा, डावीकडे बघ, मेलास आता!" तिचा आवाज असा चढायचा की खालच्या मजल्यावरची बाई छताला झाडू ठोकायची. आईवेडा, बावळट, काय वाटेल ते ती त्याला म्हणायची, आणि साबिन वाचायचा.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात दवाखान्याच्या स्वयंपाकघरातली झेनिकामावशी ऑपरेशनला आली. तिच्या पित्ताशयात खडे होते. ड्यूटीवर उपाशी राहिलेल्या इलिंकासाठी हीच मावशी आंबट सुपाचा एक वाडगा झाकून ठेवायची, वरून दटावायची. टेबलावर झोपल्या झोपल्या तिने इलिंकाचा हात धरला. "पोरी, कॅमेरा तूच धरणार ना गं? मग मी निवांत झोपते. आणि उठल्यावर सूप कुणी खारट केलंय ते बघते."

ऑपरेशन चालू असताना सरांशी कुणी बोलत नसे. भूल देणारे डॉक्टरसुद्धा आधी घसा खाकरायचे. अर्ध्या तासाने सरांच्या चिमट्यात एक नळी आली आणि त्यांनी ती बंद करायला क्लिप मागितली. कापायची ती पित्ताशयाची नळी बारीक असते. ही जाड होती, आणि सरळ वर यकृताकडे चालली होती. ही मुख्य पित्तनळी होती. रविवारी खेळात भिंतीआडचा माणूस दिसावा इतकं इलिंकाला ते स्वच्छ दिसलं.

"सर," ती म्हणाली, "ती नळी... जरा जाड वाटत नाही का?"

"सूज आहे. तू चित्र दाखव, मत मी विचारलेलं नाही."

मग तिने एक गोष्ट केली. कॅमेरा बोटभर डावीकडे वळवला. तिथे चरबीआडून खरी, बारीक नळी डोकावत होती. सरांनी आपणहून बघावं, म्हणजे आपल्याला बोलायला नको, एवढीच तिची आशा होती.

"हात दुखला का, खेळवाली? स्थिर धर."

नर्स खुदकन हसली. इलिंकाने कॅमेरा परत जागेवर आणला. तिला भीती वाटली, हेच खरं. सरांची वाटली, हसण्याची वाटली आणि हातातून निसटणाऱ्या त्या पहिल्या पित्ताशयाची तर सगळ्यात जास्त वाटली. चित्र तिने इतकं स्वच्छ धरलं की सरांनी भलती नळी एका झटक्यात कापली.

तिसऱ्या दिवशी मावशीचे डोळे पिवळे झाले. "अगं, मी लिंबू झाले की काय?" ती इलिंकाला म्हणाली. मावशीला याश शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, तिथे दोनदा पोट उघडलं. सोळाव्या दिवशी ती गेली. स्वयंपाकघरातल्या बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या नावाने गोड गहू शिजवून वाटले. सरांनीही चमचाभर खाल्ले.

"हजारात तीन-चारदा असं होतं," त्यांनी इलिंकाला बाजूला घेऊन सांगितलं. "तुझा कॅमेरा मात्र उत्तम होता. येत्या गुरुवारी एक पित्ताशय आहे, तू काढ."

"हो, सर," इलिंका म्हणाली. आपल्याच तोंडून ते ऐकून तिला स्वतःची किळस आली.

ऑपरेशनचं चित्रण दवाखान्याच्या संगणकात होतं. तिने ते लावून पाहिलं. त्यात आवाज नव्हता; तिचं 'सर' नव्हतं, नर्सचं हसू नव्हतं. फक्त एकतिसाव्या मिनिटाला चित्र डावीकडे सरकत होतं, तीन सेकंद त्या बारीक नळीवर थांबत होतं आणि मुकाट्याने परत येत होतं. पाहणाऱ्याला वाटावं, पोरीचा हात हलला. तिने ते तीन सेकंद कितीतरी वेळा पाहिले.

रविवारी दुपारी साबिनचा फोन आला. "ताई, तीन आठवडे झाले! ये ना, तुझ्यावाचून रोज मरतोय मी इथे." ती बसली आणि हेडफोन लावले. साबिन नेहमीसारखा पुढे पळाला. जिन्याखालून एक जण हळूच त्याच्या मागे आला, बंदूक रोखून. इलिंकाला तो आधीपासून दिसत होता. तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिच्या बोटांनी पडद्यावरची नजर तेवढी डावीकडे वळवली, आणि साबिन पडला.

"अगं ताई! दिसला नाही का तुला?"

"दिसला होता."

"मग ओरडली का नाहीस?"

खालच्या बाईचा झाडू त्या दिवशी वाजला नाही. साबिन पलीकडून पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "ताई? ताई, ऐकतेस ना?"