घसा वेगळा, जीभ वेगळी

"एकच काम धर, पोरी," भाऊराव लेकीच्या वाचा-उपचार क्लिनिकमधल्या बाकावरून तिसऱ्यांदा म्हणाले. "मी बत्तीस वर्सं एकच क्रेन चालवली. दुसऱ्या क्रेनकडे पाह्यलं बी नाही."

"तेच तर करून राहिली, बाबा. फॉर्म पाच बजे बंद होते. भरू द्या ना!"

उर्वीच्या मोबाइलवर दोन चौकोन होते. वाचा-उपचाराच्या एम.एस्सी.ला एक तर सगळं शिका: जीभ, घसा, तोतरेपण, म्हातारे, पोरं. नाही तर एकच विषय धरा, कानात यंत्र बसवलेल्या मुलांना बोलतं करण्याचा. दुसऱ्या चौकोनात बंगळुरूची नोकरी होती, मान होता, आणि भाऊरावांनी वैशाली नगरात आगाऊ वाटलेली कीर्तीही होती. एकदा निवडलं की बदलता येत नव्हतं. उर्वीला बदलायचं नव्हतंच.

बोट टेकणार तोच शेवंताबाई नवऱ्याला धरून आत आल्या. हे बळीराम. कारखान्यात भाऊरावांच्या क्रेनखाली उभे राहून ते खुणा करायचे: उचल, सरकव, उतरव. यंत्रांच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे, त्यामुळे तीस वर्षांत दोघांचं एकदाही भांडण झालं नाही. चार महिन्यांपूर्वी बळीरामांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं.

"घशावाला म्हने, जिभेवाल्याकडे जा. जिभेवाला म्हने, पह्यले कान दाखवा. कानवाला म्हने, माह्याकडून ठीक आहे," शेवंताबाई म्हणाल्या. "तिघायकडून ठीक आहे, पन चहा पेला का ठसका लागते. तू कायची आहे वं?"

"सध्या सगळ्याची," उर्वी म्हणाली.

तिने खणातून चित्रांची कार्डं काढली. बळीरामांनी सफरचंदाच्या चित्राकडे नव्या साहेबाकडे पाहावं तसं पाहिलं. हे काय, म्हणून उर्वीने मोठ्याने विचारलं, हळू विचारलं, हिंदीतून विचारलं. काही नाही. मग ठसका लागू नये म्हणून पावडर घालून दाट केलेल्या चहाचा चमचा पुढे केला, तर त्यांनी तोंड मिटलं आणि डावा तळवा खाली करून बोटं हलवली.

"नको म्हनते," शेवंताबाई म्हणाल्या.

"नको कायचं!" भाऊराव उठले. "हळू उतरव म्हनून राहिला तो. हट, मले दे."

भाऊरावांची नजर बळीरामांच्या पंज्यावर. पंजा खाली, चमचा खाली. मूठ मिटली, चमचा जागेवर. उर्वीने बळीरामांची हनुवटी जराशी झुकवली, गळ्यावर दोन बोटं ठेवली.

"घोट गेल्यावर काका मूठ उघडतील, बाबा. तवाच पुढचा."

नऊ चमचे गेले. ठसका एकही नाही. उर्वीने सफरचंदाचं कार्ड खणात टाकलं आणि वडिलांना विचारत सात खुणा कागदावर उतरवल्या. शेवंताबाईंनी दोन तिथेच पाठ केल्या.

पाचला सात मिनिटं कमी असताना तिने पहिल्या चौकोनावर बोट टेकलं.

भाऊरावांनी चष्मा सरसावला. "अवं, हे त सगळ्याचं झालं! मंग तुले स्पेशालिस्ट कोन म्हनन?"

"कोनी नाही म्हननार, बाबा."

"म्या साऱ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं न!"

"मंग आता दुसरं सांगा."

भाऊराव काही बोलणार, तेवढ्यात बळीरामांनी डावा पंजा छातीसमोर आणला आणि तसाच धरून ठेवला. माल जमिनीला लागला, काम झालं, अशी ती खूण. तिला दोन हात लागतात. दुसरा मांडीवर पडून होता.

भाऊरावांनी चमचा खाली ठेवला, आणि आपला उजवा पंजा त्या पंज्यात गुंतवला.