इथलं रोप

हंबीररावांनी मातीत गुडघे टेकून भिंगातून फूल पाहिलं. बारीक, पांढरं, चार पाकळ्यांचं.

"घावलं?" कब्रस्तानाच्या राखणदारानं, वजीरनं, विचारलं.

"घावलं."

"मग उठा की. लोकांस्नी वाटंल, सायेब नमाज पढतोय."

हे रोप साताऱ्याच्या या माळावर उगवतं, असं हंबीररावांच्या गुरुजींनी पंचवीस वर्षांपूर्वी छापलं होतं. पुढं ते कुणालाच दिसलं नाही. गुरुजी थापेबाज ठरले आणि तसेच वारले. त्यांचा वनस्पतिशास्त्राचा विषय आता सांगलीच्या कॉलेजात हंबीरराव शिकवत. चार हिवाळे त्यांनी माळ पालथा घातला. कब्रस्तानाच्या भिंतीआड मात्र आज सेहेचाळीसच्या माघात ते प्रथमच आले होते. गुरुजींच्या वेळी ही भिंत नव्हती.

रोपं एकाच उंचवट्यावर होती. भोवती एकही नाही.

एक म्हातारी लोटा घेऊन आली आणि रोपांना पाणी घालू लागली.

"मदिनाबी," वजीर हळू म्हणाला.

"ही तुम्ही लावलीत?" हंबीररावांनी विचारलं.

"न्हाई, आपसूक आली. माझा पीरमहंमद पैल्या लढाईत बसऱ्याला गेला. संगतीच्या आकारामनं त्याच्या कबरीवरची मूठभर माती आणली. ती हितं घातली, त्यातनं आली."

हंबीररावांनी भिंग मिटलं. गुरुजी खोटं लिहून गेले नव्हते. त्यांनी रोप पाहिलं होतं; ते कुठून आलं, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

"आवं, तुमाला झाडातलं कळतं," मदिनाबी म्हणाली. "हे आपल्याकडं कुठंबी उगवतं, व्हय न्हवं? आकाराम लय थापाड्या. माती त्यानं सातारा रोडच्या ठेसनावरच उचलली आसंल. मग माझा पोरगा तिकडं मेला, हे तरी कशावरनं?"

म्हातारीच्या पाठीमागून वजीरनं 'हो म्हणा' अशी मान हलवली. हंबीररावांनी ती पाहिली. एका 'हो'त गुरुजींची नोंदही राहिली असती.

"नाही, आई," ते म्हणाले. "हे इथलं नाही. तिकडचंच आहे."

तिनं लोट्यातलं उरलेलं पाणी सावकाश ओतलं. लोटा बाजूला ठेवून ती उंचवट्याशी बसली, पदर कपाळापर्यंत ओढला.

"वजीर, इतकी वर्सं हितं मयताचा फातेहा पढू दिला न्हाई मी," ती म्हणाली. "आता पढ."

वजीरनं वहाणा काढल्या.