कोपऱ्यातली हिरवी गादी

मित्रांनो, वर जो लांबट हॉल आहे ना, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा, तिथे जिना चढून आत गेलं की बूट ठेवायच्या फळीला लागून पहिली हिरवी गादी लागायची. ती जुनी गादी मी. आता त्याच जिन्याखाली मोडक्या टेबलाला टेकून उभी आहे. उभं राहणं हा काही गादीचा धर्म नव्हे, पण सांगते कुणाला? आज तुम्ही लपाछपी खेळताना माझ्यामागे दडलात, म्हणून इतक्या वर्षांनी मला कान मिळाले. तुमच्यावर राज्य येईपर्यंत ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. स्पंजाचे बारीक तुकडे दाबून दाबून माझी पाठ तयार झाली, वर जाड हिरवं कापड चढलं आणि घसरू नये म्हणून खाली खरखरीत रबर लागलं. आम्ही चाळीस बहिणी एकाच ट्रकमधून इथे आलो. मधल्या बहिणींच्या नशिबी पट्टीचे खेळाडू आले आणि मला मिळाला दाराजवळचा कोपरा. माझ्यावर बसायचे ते पाहुणे, पिशव्या, पोरांना घ्यायला आलेले बाप आणि बिचकलेले नवशिके. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण लोक मला न पाहताच पसरायचे. सुरुवातीला मी फार फुरंगटून होते.

हॉल एकच आणि शिकवणारे तीन. सोमवारी कराटेवाले सर यायचे, कडक इस्त्रीचे, बोलण्यातही इस्त्री. बुधवारी बॉक्सिंगचे मास्तर, त्यांचं नाक तीनदा मोडलं होतं आणि तिन्ही वेळची कथा ते न विचारता सांगत. शुक्रवारी ज्युदोच्या बाई. बुटक्या, जाड चष्म्याच्या, भाजी आणायला निघाल्यासारख्या येत. तिघांचं एकमेकांशी हसून बोलणं होई, पण मनातून आपला तो बाब्या, लोकाचं ते कार्टं. निदान पहिल्या दोघांचं तरी तसंच होतं.

एका सोमवारी एक मुलगी वडिलांबरोबर जिना चढून आली. मुलगी म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी. वडील बसचे निवृत्त कंडक्टर. त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून ते आल्या आल्या माझ्यावर टेकले. मुलीची पिशवी त्यांच्याच खांद्यावर होती.

"हिला स्वतःचं रक्षण करायला शिकायचंय," त्यांनी सरांना सांगितलं. "तुमच्याकडे शेवटचा स्टॉप किती दिवसांत येतो?"

"काळा पट्टा म्हणाल तर पाचेक वर्षं."

"आमच्याकडे महिना आहे," वडील म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुकानात फ्रेम पुरवणारा एक माणूस महिन्यातून एकदा येई. मागच्या खेपेला त्याने मालाच्या खोलीत तिचं मनगट धरलं. ती चार वेळा "सोडा" म्हणाली आणि तो चारही वेळा हसला. दारात पावलं वाजली तेव्हा कुठे त्याने हात काढला. मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, गंमत केली असेल, एवढंच ना? त्या ‘एवढंच’पायी तिला रस्त्यावरून एकटं चालवेना. वडील तिला सकाळी दुकानात पोहोचवत, संध्याकाळी आणत. आई म्हणाली होती की महिनाभरात एकटीने जाता-येता आलं नाही, तर नोकरी सोडायची आणि घरी बसायचं. आईचाही जीव तुटत होता. पण काचा घासायचं ते काम मुलीने हौसेने मिळवलं होतं, आणि ते गेलं असतं तर तिच्यातलं बरंच काही गेलं असतं, हे मला तिच्या नुसत्या बसण्यावरूनही कळत होतं. ती माझ्या अगदी कडेला बसली होती, उठायच्या तयारीत.

कराटेत लाथेबरोबर पोटातून आवाज काढायचा असतो. सगळा वर्ग दणाणला. तिने तोंड उघडलं, पण नुसती हवा आली. बुधवारी मास्तरांनी हातमोजे चढवून तिला टांगलेल्या पोत्यापुढे उभं केलं. "हवेत लाथा मारून माश्या पळतात. ठोसा म्हणजे ठोसा. हाण!" तिने हाणला. पोतं झुलून परत आलं आणि तिच्या खांद्याला लागलं, तशी ती पोत्याला म्हणाली, "सॉरी." वर्ग हसला. तीही हसली, पण मोजे काढून पुन्हा माझ्या कडेला येऊन बसली. वडिलांनी खिशातल्या वहीत नोंद केली. तिकिटांच्या हिशेबाची सवय माणसाला सुटत नाही. सोमवार, आवाज नाही. बुधवार, पोत्याची माफी मागितली.

शुक्रवारी वडिलांनी बाईंना तोच प्रश्न विचारला. शेवटचा स्टॉप कधी?

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "आज पडायला शिकवते."

"पडायला कशाला शिकायचं? ते सगळ्यांना येतं."

"येत नाही हो. सगळे आपटतात."

वडिलांना हे काही पटलं नाही. ते मला टेकून कुरकुरले, "म्हणजे पैलवान व्हायला आलो आणि लोळायला शिकलो." बाईंनी ऐकलं आणि सोडून दिलं.

त्या मुलीला हॉलच्या मध्यावर जायचा धीर होईना, म्हणून बाईंनी तिला माझ्यावरच बसवलं. कोपऱ्याला पहिल्यांदा मान मिळाला. हनुवटी छातीशी, पाठ गोल, हात बाजूला. ती पडली. पुन्हा पडली. दहाव्या वेळी पाठीतली ताठ काठी गेली आणि तिचं सगळं वजन तिने माझ्यावर विश्वासाने टाकलं. मित्रांनो, गादीच्या आयुष्यात याहून मोठं काही नसतं.

मग बाई म्हणाल्या, "आता मी तुझं मनगट धरणार आहे. धरू?"

ती पांढरीफटक पडली. वडील अर्धवट उठले. बाईंनी त्यांना हातानेच खाली बसवलं.

"आमच्याकडे एक नियम आहे. नकोसं झालं, की गादीवर दोनदा थाप द्यायची. बोलायचं नाही, कारण सांगायचं नाही. समोरचा कितीही वरच्या पट्ट्याचा असो, त्याने त्या क्षणी सोडायचं. नाही सोडलं, तर त्याला या हॉलची पायरी बंद. धरू?"

तिने मान हलवली. बाईंनी मनगट धरलं. दुसऱ्याच क्षणी माझ्या पाठीवर दोन थापा पडल्या, घाईघाईच्या, घामट. बाईंनी सोडलं.

मुलगी आपल्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परत धरा."

बाईंनी धरलं. थाप, थाप. सोडलं. "परत." असं किती वेळा झालं ते वडिलांनीही वहीत लिहिलं नाही. शेवटी शेवटी ती रडत होती आणि तरीही "परत" म्हणत होती. वडिलांनी तिच्या पिशवीचा पट्टा मुठीत घट्ट धरला होता आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

उठताना तिने वडिलांना सांगितलं, "मी इथेच शिकणार."

"अगं, पण लाथा नाहीत, ठोसे नाहीत."

"इथे सोडतात, बाबा."

बाई मात्र भलत्या भ्रमात ठेवणाऱ्या नव्हत्या. "बाहेरचा माणूस थाप मानणार नाही," त्यांनी लगेच बजावलं. "ती इथे, सवयीसाठी. नको म्हटलं की सुटतं, हे आधी अंगाला कळू दे. मग बाहेर कुणी धरलं, तर अंगच चिडून उठेल." पुढे त्यांनी पकड सोडवणं शिकवलं. पकडीत अंगठा आणि बोटं जिथे भेटतात, तिथे ती कच्ची असते, मनगट तिकडे फिरवायचं आणि झटक्यात ओढायचं. आणि पळता आलं तर पळायचं, त्यात लाज नाही, तो सगळ्यात जुना डाव आहे. आवाजासाठी तर बाईंनी तिला सरळ सोमवारी कराटेच्या सरांकडे पाठवलं. त्या दिवसापासून सर मला जरा आवडू लागले.

महिना संपला तो दिवस मला अजून आठवतो. दुपार होती, हॉल रिकामा. वडील एकटेच माझ्यावर बसले होते. मुलगी त्यांना इथे बसवून एकटी दुकानात गेली होती, आणि त्या दिवशी तो फ्रेमवाला यायचा होता. वडिलांनी घड्याळ काढून ठेवलं, पुन्हा बांधलं, पुन्हा काढलं. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले. त्यांच्या गुडघ्यांच्या मानाने ते फार झालं.

संध्याकाळी ती आली. बूट काढले आणि शेजारी बसली.

"आला होता?" वडिलांनी विचारलं.

"आला होता. हात पुढे केला. मी म्हटलं, हात खाली."

"हळू की मोठ्याने?"

"इतक्या मोठ्याने की रस्त्यावरचा माणूस आत आला. मालक काउंटरवरून उठून आले. आता माल दुसऱ्याकडून घेणार म्हणाले."

"आणि तुझा डाव?"

"त्याची गरजच पडली नाही, बाबा."

वडिलांनी वही उघडली आणि काहीच न लिहिता मिटली.

त्यानंतरची सहा वर्षं माझी सुखाची. ती दर शुक्रवारी येई. तिच्या उजव्या तळव्याची थाप मी शंभर जणींत ओळखायची. मधल्या गाद्यांवर ती भल्याभल्यांना पाडायची, पण नवी बिचकलेली मुलगी आली की तिला माझ्याकडेच आणायची. "ही गादी चांगली आहे, हिच्यावर लागत नाही," असं ती म्हणे. मी त्या शब्दांवर अजून जगते आहे.

मग तिला दूरच्या शहरात मोठ्या दुकानात काम मिळालं. बाईंच्या पाया पडायला ती आली तेव्हा पिशवी नेहमीप्रमाणे वडिलांच्या खांद्यावर होती.

"मी स्टँडपर्यंत येतो पोहोचवायला," ते म्हणाले.

"नको बाबा. जिना उतरायचा, परत चढायचा."

"मग दोन दिवसांनी जा. एवढी काय घाई आहे?"

तिने पिशवी घ्यायला हात लावला. त्यांनी पट्टा सोडला नाही. हसत होते, पण सोडला नाही. ती खाली वाकली आणि माझ्या पाठीवर तळवा टेकून, हलकेच, दोनदा थाप दिली.

सहा वर्षं कोपऱ्यात बसलेल्या माणसाला नियम माहीत होता. त्यांनी त्या क्षणी हात सोडला.

ती जिना उतरून गेली. ते बराच वेळ माझ्यावर बसून होते आणि आम्ही दोघं सायकलच्या दुकानातली हातोडी ऐकत होतो.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. बाई थकल्या, शुक्रवार बंद झाला. नव्या लोकांनी रंगीत गाद्या आणल्या, माझ्या बहिणी कुठेकुठे गेल्या आणि मी इथे आले. ओल लागून माझी शिवण उसवली. मधूनमधून कंडक्टर काका येतात. आता जिना चढवत नाही, म्हणून खालीच पायरीवर टेकतात आणि मला बातमी दिल्यासारखं पुटपुटतात. ती तिकडे मुलींना शिकवते म्हणे, आधी पडायला आणि मग थाप द्यायला. जाताना ते माझ्या उसवलेल्या कडेवरून हात फिरवतात.

तुमच्यावर राज्य येईल आता, म्हणून एवढंच ऐका. गादीवर चढताना पाय पुसा, आठवड्यातून एकदा तिला ऊन दाखवा. आणि खेळताना, भांडताना, अगदी लाडातसुद्धा, कुणी पुरे म्हटलं तर त्याच क्षणी सोडा. कारण विचारत बसू नका.

हे मी तुम्हाला सांगते आहे खरी. पण ती थाप बाबांसाठी होती तशी माझ्याही पाठीवर पडली होती, आणि बाबांनी सोडलं. मला हात नाहीत, मित्रांनो. तिच्या तळव्याचा खळगा माझ्या स्पंजात अजून तसाच आहे, आणि तो कसा सोडायचा, हे मला कुणीच शिकवलं नाही.