छातीवर बसलेला वारा

जावातल्या पाच दिवसांच्या आठवड्यात दर क्लिवोनच्या बाजारदिवशी वैदू सार्वादी आजोबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. आज चटईवर लेगियेम होती. बाटिकच्या कापडावर मेणाने नक्षी काढणारी ही बाई चार महिने धापा टाकत होती. उताणी निजवताच तिचे ओठ निळे पडले. आजोबांनी गळ्याशी, खांद्यांवर तेल चोळलं, तांब्याच्या नाण्याने खरवडून लाल पट्टे उठवले आणि तिला उठवून बसवलं. धाप लागलीच ओसरली. लोकांनी अल्लाचं नाव घेतलं.

आजोबा म्हणाले, "वारा छातीवर ठाण मांडून होता. मी हुसकावला. आता घरी उशी न देता उताणी निजवा. उरलेला पायांतून जाईल."

नवरा पैरानने तसंच केलं. ती उठू पाहायची. वारा झुंजतोय असं समजून तो तिचे खांदे दाबून धरायचा. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी ती बेशुद्ध पडली, तेव्हा कुठे त्याने तिला दवाखान्यात नेलं.

ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टर रेत्नोबाईंनी तिच्या बरगड्यांखाली सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं. पडद्यावर एक पांढरी रेघ हलत होती. छाती आणि पोट यांच्यामधला हा स्नायू. श्वास घेताना तो खाली सरकायला हवा. लेगियेमचा वर ओढला जात होता. तो निकामी होत चालला होता आणि त्यावर औषध नव्हतं. आडवं केलं की पोटाचा भार त्याच्यावर यायचा, बसवलं की उतरायचा. बाईंनी तिला निजवून दाखवलं, मग बसवलं. तेल नाही, नाणं नाही, तरी धाप ओसरली.

"म्हणजे आजोबांनी केलं काय?" पैरानने विचारलं.

"बसवलं."

"आणि मी?"

बाई यंत्र पुसत राहिल्या. लेगियेमच म्हणाली, "बसव, बसव म्हणत होते मी. तुला वाऱ्याचं ऐकू येत होतं, बायकोचं नाही."

वीस दिवसांनी ती गेली, उशांना टेकून बसल्या बसल्याच.

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर जेवणं चालली होती. यंत्र लावल्यानेच वारा चिडला, असं पंगतीत बोलणं चाललं होतं. शेजारच्या सुमिरानच्या आईलाही आडवं झालं की धाप लागे. तो तिला आजोबांकडे नेणार होता. पैरानने त्याला सगळं सांगितलं.

सुमिरान ताटात बघत म्हणाला, "तुमचं दुःख ताजं आहे, दादा."

"ताजं आहे म्हणूनच सांगतो. नाणं न लावता आईला नुसती बसवून बघ. ती काय म्हणते ते ऐक. दवाखान्यात ने. बरी होणार नाही असं सांगतील, तरी ने. निदान दाबून तरी धरू नकोस."