उपाशी पाठवायचे मासे

माझी आई कुणालाही उपाशी घराबाहेर पडू देत नाही. मग तो कुरियरवाला असो, नाहीतर भांडून तणतणत निघालेली माझी आत्या असो. हे मी कौतुकाने सांगत नाहीये, आधीच सांगून ठेवते.

मी सरिता, मूळची पुण्याची. वीसेक वर्षांपूर्वी ओसाकाला दुभाषी म्हणून नोकरीला आले आणि योइचीशी लग्न करून नागानोच्या डोंगरात येऊन पडले. योइची घराजवळच्या हौदांत मासे वाढवतो. साधेसुधे नाहीत. आई रेनबो ट्राउट, बाप ब्राउन ट्राउट, आणि पोरांना पुढे पोरं होत नाहीत असा संकर. अंडी धरायची भानगडच नाही, त्यामुळे खाल्लेलं सगळं अंगी लागतं. असला मासा गळाला लागला की धरणाऱ्याचे खांदे भरून येतात, म्हणून टोकियोहून हौशी मंडळी महागडे गळ घेऊन येतात. पकडतात, फोटो काढतात आणि पुष्कळदा परत सोडून देतात. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मग पकडतात कशाला मेले?"

घाटापलीकडच्या तळ्यात मासे सोडायचं काम आमच्याकडे होतं. पण लागोपाठ दोन उन्हाळे तळ्याचं पाणी तापलं आणि सोडलेले मासे मेले. त्यात योइचीची काय चूक? तरी तळं सांभाळणाऱ्या संघाचे प्रमुख मियाशिता-सान दुसऱ्या खोऱ्यातल्या मोठ्या कंपनीचं नाव घ्यायला लागले. योइचीने अगदी कमरेत वाकून एक शेवटची संधी मागून घेतली. शरदातला हंगाम उघडेल त्या सकाळी, सगळ्या गळवाल्यांसमोर, मासे ठणठणीत पोचले तर काम आमचं. नाहीतर हौद बंद, कारण आम्हाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तीन वर्षं वाढवलेली ती एकच खेप होती.

बाबा गेले म्हणून त्या वर्षी आईला मी इकडे आणलं होतं. तिला इथलं काहीच जमेना. बाथरूमची बटणं कळेनात, कचरा कुठल्या पिशवीत टाकायचा ते कळेना, आणि मी तर तिच्या हातातून प्रत्येक काम काढून घेत होते. तिला रमवलं ते योइचीने. रोज संध्याकाळी तो तिला हौदाकाठी खुर्ची टाकून द्यायचा आणि खाद्याच्या गोळ्यांचा डबा हातात द्यायचा. तिची सावली पडली की मासे उसळून वर यायचे. "बघ सरू, या गावात मला ओळखणारं कुणीतरी आहे," ती म्हणाली होती. मला रडू आलं होतं तेव्हा.

आता मासे ट्रकने न्यायचे तर आधी तीनेक दिवस त्यांचं खाणं बंद करतात. पोट भरलेला मासा टाकीतल्या पाण्यात घाण करतो, प्राणवायूही जास्त ओढतो, आणि एवढ्याशा पाण्यात सगळेच गुदमरतात. योइचीने हे आईला हातवारे करून सांगितलं, मी मराठीत सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण तोंड वाकडं करून.

"प्रवासाला निघालेल्याला उपाशी ठेवायचं? ही कुठली रीत?"

"आई, उपास समज त्यांचा."

"उपासाला निदान खिचडी तरी असते," आई म्हणाली. आम्ही दोघी हसलो आणि मला वाटलं, विषय संपला.

न्यायच्या दिवशी उजाडायच्या सुमारास आम्ही जाळ्यांनी मासे टाकीत भरले. एरवी उसळणारे मासे त्या दिवशी गप्प होते. "शहाणे झालेत," मी म्हणाले. योइची घाईत होता, तो नुसता हसला. आई ओट्यापाशी उभी राहून हात हलवत होती. तिने आमच्याही हातावर दही-साखर ठेवली.

घाटमाथ्यावर टाकी बघायला योइचीने ट्रक थांबवला. झाकण उघडलं तर वर पांढरा फेस, आणि फेसात तपकिरी गोळ्या. हिसके बसले की मासे ओकतात. त्याने एक गोळी उचलून माझ्यापुढे धरली.

"तू घातलंस?" मी विचारलं. काय मूर्ख प्रश्न.

मग मला पोळीचा तुकडा दिसला. पातळ, कडेला किंचित करपलेला. आमच्या घरात पोळ्या आईच करते.

योइचीने प्राणवायूची तोटी पूर्ण सोडली. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, काही आडवे व्हायला लागले होते. परत फिरावं तर तेवढाच रस्ता, पुढे जावं तर तेवढाच. आणि रस्त्याच्या कडेला, हात पुरेल एवढ्या अंतरावर, बर्फासारखा गार ओढा खळखळत होता.

"सोड ना इथे," मी म्हणाले. "जगतील तरी."

"इथे नाही सोडायचे. फक्त तळ्यात सोडायची परवानगी आहे."

"कोण बघतंय?"

"ओढ्यातले मासे छोटे आहेत, सरिता. हे त्यांना खाऊन टाकतील."

एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. आईचा, त्याचा, त्या ओढ्याचासुद्धा. ट्रकमध्ये एक बादली होती. मी ओढ्यात उतरून ती भरत होते, तो टाकीत ओतत होता. एवढ्या मोठ्या टाकीला बादलीभर पाणी काय पुरणार? माझे हात बधिर झाले. शेवटी त्यानेच बादली माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "चल, उशीर होतोय."

तळ्यावर कापडी फलक लावला होता. गळवाले ओळीने उभे होते, मोबाइल वर धरून. योइचीने टाकी उघडली आणि सगळ्यांचे मोबाइल हळूहळू खाली आले. थोडे मासे जिवंत होते, त्यांना त्याने एकेक करून दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, पण सोडले की ते कुशीवर व्हायचे. कुणी ओरडलं असतं तर मीही ओरडले असते. मियाशिता-सान आले, वाकले आणि म्हणाले, "फार दमला असाल, चहा घ्या." इतकी वर्षं इथे काढल्यावर मला कळतं, इकडची माणसं 'नाही' असंच म्हणतात.

परतताना योइची एवढंच बोलला, "आईसानना सांगायचं नाही." माझ्या आईला तो मानाने आईसान म्हणतो.

"का नाही? कळू दे की तिला काय केलंय ते."

"सांगून मासे उठणार आहेत?"

रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते आणि एकेक गिळत होते.

आई दारातच उभी होती. "पोचले का गं नीट सगळे?"

माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. योइची माझ्या पुढे झाला आणि त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "पोचले, आईसान."

"वाटेत भूक नाही ना लागली त्यांना?"

"नाही."

"मला माहीत होतं," ती खूश होऊन माझ्या कानाशी आली. "पहाटे गुपचूप पोटभर घातलं मी. तुम्ही लोक विसरता. जावईबापूंना नको सांगूस हं."

मी आत गेले, नळ सोडला आणि तो चालू ठेवून रडले.

आई थंडीआधी पुण्याला परत गेली. कोरड्या हौदांचं तिला आम्ही सांगितलं, नवी पिल्लं यायची आहेत म्हणून. वसंतात योइचीला समुद्राकाठच्या एका गावी, मासे साफ करून डबाबंद करायच्या कारखान्यात काम मिळालं. महिन्यातून एकदा घरी यायचं. तो निघाला त्या सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. त्याची बॅग तिला मागे दिसली.

"कुठे निघालेत जावईबापू?"

"कामाला, आई. लांब."

"मग काहीतरी खाऊ घाल त्यांना. रिकाम्या पोटी पाठवू नकोस, सरू. माझी शपथ आहे तुला."

योइचीने ते ऐकलं. त्याने बॅग खाली ठेवली आणि माझ्यासमोर हात पुढे केला. मी त्यावर दही-साखर ठेवली. त्याने ती खाल्ली, पडद्यावरच्या आईला वाकून नमस्कार केला आणि बस पकडायला निघाला.